प्रवेशाचा नारळ

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या सासूबाईंना आजतागायत कुणाला नीट सांगता आलेलं नाही. बारामतीत शेजारणीनं विचारलं की त्या म्हणतात, "कॉलेजात हाय." शेजारीण विचारते, "शिकवती का?" "न्हाय." "मग हापिसात?" "न्हाय गं. ती पोरं आनती." यावर शेजारणीचा चेहरा बघण्यासारखा होतो. माझ्या कार्डावर 'उपाध्यक्ष, प्रवेश व व्यवसाय विकास' असं दोन भाषांत छापलेलं आहे, पण सासूबाईंची व्याख्या जास्त बरोबर आहे. मी पोरं आणते. कॉलेज बांधतात दुसरे, शिकवतात तिसरे, आणि बाकावर बसायला माणूस लागतो तो मी आणते.

हा धंदा मी पुण्यात शिकले. सुरुवात एका संगणक संस्थेत फोन फिरवण्यापासून झाली. 'घरी विचारून सांगतो' म्हणजे 'नाही' आणि 'सवलत आहे का' म्हणजे 'हो', एवढं ज्ञान मला तिथं मिळालं आणि ते पुढं जन्मभर पुरलं. मग क्लासेसच्या एका साखळीत गेले, तिथून एका खासगी विद्यापीठात 'समुपदेशक' झाले. पदाचं नाव ऐकून माझ्या आईला वाटलं, लेक दुःखी माणसांची समजूत घालते. खरं म्हणजे ती माणसं यायची तेव्हा चांगली आनंदात असायची. मी त्यांना आधी जरा दुःखी करायची आणि मग माहितीपत्रक द्यायची. यात मी इतकी तरबेज झाले की वरच्या लोकांनी मला गाडी, केबिन आणि हाताखाली दहाबारा पोरीपोरं दिली. पुढं नवऱ्यानं बारामतीत शीतगृहाचा व्यवसाय काढला आणि मी तात्यांच्या संस्थेत आले.

तात्या म्हणजे आमचे अध्यक्ष. त्यांना शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तात्याच म्हणतात. सहकारातल्या राजकारणात त्यांची सगळी हयात गेली. उतारवयात त्यांनी इंदापूरच्या रस्त्याला, उसाच्या फडांच्या मधोमध, फार्मसी कॉलेज काढलं. कागदोपत्री आमची संस्था ना नफा ना तोटा या तत्त्वावर चालते. तात्यांना त्यातलं 'ना तोटा' तेवढं मनापासून मान्य होतं.

माझी मुलाखत त्यांनी कॉलेजच्या गच्चीवर घेतली. पुण्यातले माझे तक्ते, आलेख, सगळं त्यांनी हातानं बाजूला सारलं. "ऊस नोंदणी म्हायत्याय का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "माझे वडील कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. बावड्यात आमच्या ओट्यावरच नोंदी व्हायच्या." तात्या खूश झाले. "मग झालं. बाकीचं कुनी बी शिकवंल."

त्यांच्या लेखी प्रवेश म्हणजे गळीत हंगाम. बारावीचा निकाल लागला की कॉलेजच्या दारात पूजा व्हायची. तालुक्याचे गट पाडलेले होते: कळस गट, बावडा गट, कळंब गट. प्रत्येक गटाला एक माणूस, त्यानं आपल्या गटातल्या विज्ञान शाखेच्या पोरापोरींवर नजर ठेवायची. एखादा मुलगा पुण्याला गेला तर तात्या कपाळाला हात लावून म्हणायचे, "ऊस भाईर गेला." बारामतीतल्या दुसऱ्या कॉलेजनं नेला तर "पळवला". आमचे प्राचार्य बिचारे दोन पदव्यांचे डॉक्टर, त्यांना दर निकालानंतर विचारलं जायचं, "सर, औंदा रिकव्हरी किती?" पहिल्यांदा त्यांना वाटलं, कुणीतरी आजारी आहे; रिकव्हरी म्हणजे उसाचा साखरउतारा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता नारळाचं सांगते. आमच्याकडच्या प्रवेशात पोरांनी पसंतीक्रम भरायचा असतो. आमचं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकलं तर पोर आमचं, खाली टाकलं तर दुसऱ्याचं. आणि पोरं सगळ्यांनाच 'पहिलं तुमचंच' म्हणतात. माझ्या पुण्याच्या सगळ्या युक्त्या इथं फसल्या, कारण इथं कुणी तोंडावर नाही म्हणतच नाही. तात्यांनी त्यावर उपाय काढला. "सही फिरती," ते म्हणाले. "चारचौघांत घ्येतलेला नारळ फिरत न्हाय." मग ठरलं की घरी जायचं, बैठकीत बसायचं, मुलाच्या वडलांना टिळा लावायचा, टॉवेल-टोपी द्यायची, आईला खण द्यायचा आणि वडलांच्या हातात नारळ ठेवायचा. थोडक्यात, सोयरीक पक्की करतात तसा प्रवेश पक्का करायचा. नोकरीवरून काढलं की नारळ दिला म्हणतात, आमच्याकडे घेतानाही नारळ. मी हसले. पण त्या वर्षी ज्या ज्या घरात नारळ गेला, त्या घरातलं पोर आमच्याकडंच आलं. एक बाप तर मुलाला पुण्यात जागा मिळत असताना म्हणाला, "नारळ खाल्लाय आता, काय करता!" मी हसायचं थांबले आणि नारळ घाऊक भावानं आणायला सांगितले.

जिची ही गोष्ट आहे, त्या मुलीची गाठ इंदापूरच्या करिअर मेळाव्यात पडली. आमच्या टेबलापाशी ती एकटीच आली. वेणी घट्ट, ओढणी खांद्याला पिन लावलेली. फी किती, वसतिगृह कसं, नोकरी लागते का, यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "तुमी घरी येता म्हनं?"

"येतो की. कधी येऊ?"

"गुरवारी साडेतीनला. आदी नगं, नंतर बी नगं. आन नारळ आनाच."

मला मोठं कौतुक वाटलं. काय शिस्तीची पोरगी, म्हटलं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकानं स्वतःहून नारळ मागितला नव्हता. तिथंच मला संशय यायला हवा होता, पण जागा भरायच्या असल्या की माझा संशय रजेवर असतो.

गुरुवारी मी आणि आमचा एक तरुण प्राध्यापक, असे दोघं निघालो. हा प्राध्यापक कळसचा, अविवाहित, सडपातळ आणि फार प्रामाणिक. गाडी तोच चालवतो. अशा कामावर मी त्याला मुद्दाम नेते, कारण तो खोटं बोलू शकत नाही आणि मी शेजारी असले की त्याला फार बोलायची वेळ येत नाही. कळंबच्या शिवारात मुलीची वस्ती होती. अंगणात सडा, दारात रांगोळी, ओसरीवर नव्या चादरी. मुलीचे वडील कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत दारात उभे. प्राध्यापक म्हणाला, "मॅडम, आपल्यासाठी एवढं?" मी म्हणाले, "शिक्षणाची आवड आहे लोकांना."

ते सगळं आमच्यासाठी नव्हतं. त्या दिवशी अकलूजकडचे पाहुणे मुलगी बघायला यायचे होते, चार वाजता. मध्यस्थानं सगळं फोनवर जमवलेलं, वडलांनी त्या माणसांना कधी पाहिलेलं नव्हतं. मुलीला नुकतं अठरावं सरलं होतं. बापाला एवढीच लेक, हातपाय चालताहेत तोवर तिचं उरकून टाकायचं असा त्याचा धोसरा. तिला शिकायचं होतं, आणि एकदा पाहुण्यांनी पसंत केली की ते संपलंच, हे तिला ठाऊक होतं. आणि साडेतीनला दारात उभी राहिली पांढरी गाडी. तिच्यातून उतरली डोक्यावर पदर घेतलेली एक पोक्त बाई, इस्त्रीच्या शर्टातला एक लग्नाचा मुलगा आणि पिशवीतून डोकावणारा नारळ. वडलांनी आम्हाला मुलाकडचे समजले. यात त्यांचं काही चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही. मात्र हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी सुखानं पोहे खात होते. वर भरपूर खोबरं होतं.

"घर सापडाया तरास न्हाय न्हवं झाला?" वडलांनी विचारलं आणि मग प्राध्यापकाकडे वळले. "आपन काय करता?"

"फार्मसी. औषधांचं," तो म्हणाला.

"दुकान सवताचं का भाड्याचं?"

"दुकान नाही. शिकवतो मी."

"मंजी नोकरी. पर्मनंट हाय का?"

खासगी कॉलेजातल्या माणसाला त्याच्या वरिष्ठासमोर विचारू नये असा हा प्रश्न आहे. प्राध्यापकानं माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं. पण गप्प बसून चालणार नव्हतं, बैठक आमच्या तोंडाकडे बघत होती. "होईल की, यंदाच होईल," मी म्हणाले. (त्यानं पुढं हे वाक्य माझ्या केबिनमध्ये येऊन मला ऐकवलं. "मॅडम, तुम्ही चारचौघांत म्हणालात." तात्यांचं हत्यार माझ्यावरच उलटलं आणि त्याला कायम करावं लागलं.)

"शेती किती?"

"चार एकर. पण भावांची वाटणी व्हायचीय," प्राध्यापक म्हणाला. मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या भागात नाव विचारण्याआधी एकर विचारतात.

मग मुलगी चहा घेऊन आली. साडीत. मी मनात म्हटलं, बारावीची पोरगी साडीत कशाला? तिनं मान खाली घातलेली, पण कप देताना एकदाच माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर लाजलेल्या मुलीची नव्हती. मी नेहमीप्रमाणं गुण विचारले. तिनं सांगितले, चांगले होते. "पुढं काय करायचंय?" मी विचारलं.

"फार्मसी," ती म्हणाली.

वडील हरखले. "बगा! तुमच्याच लायनीतली हाय."

"मग पक्कं करून टाकूया?" मी म्हणाले.

ते जरा बिचकले. "इतक्यात? घरी कुनाला इचारायचं आसंल तुमाला."

"विचारायचं कुणाला? सगळं मीच ठरवते."

त्यांनी माझ्याकडे अशा आदरानं बघितलं की तसा आदर मला संचालक मंडळाच्या बैठकीत कधी मिळालेला नाही. तरी ते घुटमळत होते. तेवढ्यात मुलीची आई हळदी-कुंकवाचं तबक घेऊन माजघरातून आली आणि म्हणाली, "त्या म्हनत्यात तर घ्या की. मानसं चांगली दिसत्यात." आम्ही अकलूजची माणसं नव्हेत हे ही बाई पुरतं ओळखून होती, हेही मला नंतरच कळलं.

मी टिळा लावला, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. आईला खण दिला. वडलांनी नारळ मांडीवर ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "एकुलती एक हाय," ते म्हणाले. "तोंडानं जरा फटकळ हाय. संबाळून घ्या."

मी अगदी मनापासून म्हणाले, "काही काळजी करू नका. चार वर्षं आमच्याकडं राहू दे, मग बघा कशी चांगल्या नोकरीला लागते."

"चार वर्सं?" ते म्हणाले. आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

अकलूजचे पाहुणे अगदी वेळेवर आले होते. पुढं मुलाचे मामा, मागं मुलाची आई आणि सर्वांत मागं मोबाइलमध्ये डोकं घातलेला मुलगा. मामा ओसरीवर चढले आणि थबकले. समोर मुलीचा बाप टिळा लावून, टोपी घालून, मांडीवर नारळ घेऊन बसलेला. आणि पाहुण्यांच्या चादरीवर बसून दोन परकी माणसं पोह्यांचा शेवटचा घास खाताहेत.

"आमच्या आदी नारळ कुनी दिला?" मामांनी विचारलं.

वडलांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुमी अकलूजच्या न्हाय?"

"मी कॉलेजची," मी म्हणाले. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. प्राध्यापकाचा घास घशात अडकला आणि तो खोकायला लागला.

तेवढ्यात मुलगी पुढं झाली. मान खाली, पदर नीट, आवाज अगदी मऊ. "मामा, ही माज्या कॉलेजातली मानसं हायत. आप्पांनी माज्या फार्मसीचा नारळ घ्येतला, आत्ताच."

तिनं बापाला अशा जागी उभं केलं होतं की तिथून दोनच वाटा निघत होत्या. नारळ चुकून घेतला असं म्हणावं, तर सगळ्या तालुक्यात बोभाटा होणार की यानं भलत्याच माणसांना जावयाकडचे समजून टोपी घालून घेतली. नाहीतर म्हणावं, हो, मी लेकीला कॉलेजात घातली. मी त्यांच्याकडे बघत होते. मी आयुष्यात कितीतरी माणसांना कोंडीत पकडलंय, पण इतकं सफाईदार काम माझ्या हातून झालेलं नाही.

वडलांनी टोपी सरळ केली. "व्हय," ते म्हणाले. "लेकीला फार्मसीला घातली. आताच पक्कं केलं."

"आन लगीन?" मामा.

"शिक्षान झाल्यावर."

"चार वर्सं? आमचा मुलगा थांबायचा न्हाय."

"थांबतो की," मुलगा मागून म्हणाला. मामांनी वळून असं बघितलं की तो परत मोबाइलमध्ये गेला.

"न्हाय तर नगा थांबवू," वडील म्हणाले. "मोकळं करा त्याला." आता त्यांचा आवाज ताळ्यावर आला होता. पाहुण्यांना नुसत्या चहावर बोळवावं लागलं, कारण पोहे आम्ही संपवले होते. गाडीत बसताना मुलाच्या आईनं माझ्याकडे एक नजर टाकली, ती मला अजून आठवते.

पाहुणे गेल्यावर वडलांनी टोपी काढून बाजूला ठेवली. "हे कुनाचं काम?" त्यांनी विचारलं. मुलगी खांबापाशी उभी होती. प्राध्यापक चपला शोधत होता. आई बशा गोळा करता करता म्हणाली, "नारळ तुमी घ्येतला. आमी न्हाय." रागानं वडलांचा चेहरा लाल झाला होता, आणि तरी मला वाटतं, त्यांना आतून थोडं हसू येत होतं. निदान मी तशी आशा धरून निघाले.

मुलगी गाडीपर्यंत सोडायला आली. आता तिचा आवाज मऊ वगैरे नव्हता. "मॅडम, कालेज चांगलं हाय का?"

आजपर्यंत शेकडो लोकांना मी या प्रश्नाचं उत्तर विचारायच्या आधीच दिलं होतं. या मुलीनं मात्र जुळत आलेलं लग्न मोडायची तयारी करून, बापाचा राग ओढवून घेऊन, मग हा प्रश्न विचारला. माझं नेहमीचं उत्तर ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. "शिक्षक बरे आहेत," मी म्हणाले. "हा तर चांगलाच आहे. लॅब... लॅबचं सामान आहे सगळं."

"आसंल तर मांडून ठिवा," ती म्हणाली. "नारळ झाला. आता आमच्यातली घर बघाया येत्याल."

हे मला सुचलंच नव्हतं. सोयरीक पक्की झाली की मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला जातात. विहिरीला पाणी किती, गोठ्यात काय, न्हाणीला आडोसा आहे का, सगळं बघतात. आणि आवडलं नाही तर नारळ झालेला असला तरी मोडता येतं. तेवढी एक सवलत रिवाजात आहे. इतकी वर्षं आम्ही नारळ देत होतो, पण घर बघायला कुणी आलं नव्हतं.

तात्यांना मी सगळा किस्सा सांगितला तेव्हा ते ठसका लागेपर्यंत हसले. "त्या पोरीला कळंब गट द्या," म्हणाले. घर बघायला येतील या गोष्टीवर मात्र त्यांचा विश्वास बसला नाही. लॅब मांडायचं मी काढलं, तर म्हणाले, "मान्यतेची कमिटी आल्यावर मांडू."

ते आले. पुढच्याच आठवड्यात एक जीप फाटकात शिरली. वडील, त्यांचे थोरले भाऊ, आणखी भावकीतली दोन माणसं, आणि सगळ्यांच्या मागं ती. तात्या शाल घेऊन सामोरे गेले. थोरल्यांनी शाल बाजूला ठेवली. "आदी घर," ते म्हणाले, "मग मानपान."

आमच्याकडे मान्यतेच्या समित्या दरवर्षी येतात. त्या फायली बघतात, काजू खातात आणि संध्याकाळच्या आत पुण्याला परततात. या चौघांनी फाईल मागितलीच नाही. त्यांनी मुलींच्या संडासाच्या कड्या आतून लावून बघितल्या. पाण्याची टाकी उघडून आत वाकून बघितलं. वसतिगृहाच्या खिडकीचे गज हलवून बघितले. बसच्या ड्रायव्हरला तोंडाचा वास येईल इतक्या जवळ जाऊन गाव विचारलं. तात्या मागून चालत होते आणि घाम पुसत होते. मला मनातून मजा वाटत होती, ती लॅबच्या दारापर्यंत टिकली.

लॅबमध्ये भिंतीला लागून खोकी रचलेली होती. छतापर्यंत. तुळतुळीत, पट्टी मारून बंद केलेली. सूक्ष्मदर्शक, तराजू, यंत्रं, सगळं आत. टेबलं रिकामी. समिती यायची असली की आम्ही उघडायचो आणि गेली की पुन्हा भरून ठेवायचो.

"हे तर गोडाऊन हाय," थोरले म्हणाले. ते भावाकडे वळले. "अकलूजवाल्यांचा कालच फोन आलता मला. पोरगं तयार हाय म्हनं. आजून बिघडलं न्हाय काय. लावू का?" आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

मी मुलीकडे बघितलं. ती दारात उभी होती. त्या दिवशी ओसरीवर सगळं हलवणारी तीच मुलगी, पण इथं तिच्या हातात काही नव्हतं. इथं सगळं आमच्या हातात होतं, आणि आम्ही ते खोक्यात ठेवलं होतं. मला भीती वाटली. एक जागा रिकामी राहील याची भीती मला ओळखीची आहे, ही ती नव्हती. मला खरोखर रडू येईल असं वाटलं.

वडील खोक्यांपाशी गेले. एकावर हात ठेवून म्हणाले, "उगडा की."

"आवो, नवं सामान हाय," तात्या म्हणाले. "कमिटी आली की उगडतो. तेवढंच नवं ऱ्हातं."

"मग आमी कोन हाय?" वडलांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. तात्यांनी निवडणुका जिंकल्यात, सभा उधळल्यात, मंत्र्यांना तोंडावर सुनावलंय. आता ते खाली बघत उभे राहिले. थोरल्यांचा अंगठा फोनवर होता. मी खोक्यापाशी गेले आणि नखांनी पट्टी ओढायला लागले. ती निघेना. मग तात्या आले, त्यांनी गाडीची किल्ली काढली आणि पट्टी उभी फाडली.

प्राध्यापक गुडघ्यांवर बसून थर्माकोल उपसायला लागला. नोकरीला लागल्यापासून त्या खोक्यांकडे बघत त्यानं फळ्यावर चित्रं काढून शिकवलं होतं. त्यानं एक सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला, पुसला, दिवा लावला आणि धावत बाहेर गेला. कुंपणाला लागून तात्यांचाच ऊस होता. त्याचं पान तोडून आणलं, ब्लेडनं पातळ काप काढला, काचेवर ठेवला आणि वडलांना म्हणाला, "बघा."

वडील वाकले. एक डोळा मिटून ते बराच वेळ बघत राहिले. भावकीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी ते सरळ झाले. लेकीला हातानं बोलावलं. ती आली, वाकली, बघितलं, आणि बघतच राहिली. प्राध्यापक तिला काहीतरी सांगत होता, ती मान न वर करता प्रश्न विचारत होती. थोरल्यांनी फोन खिशात ठेवला.

ती सरळ उभी राहिली तेव्हा वडलांनी सगळ्यांच्या देखत तिला विचारलं, "पसंत हाय का तुला?"

एवढ्या सगळ्या बैठका, एवढे पोहे, एवढी पाहुणी माणसं, पण हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. तिनं ओढणीनं डोळे पुसले, बापाकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "व्हय."